फळ्याला मार्क देणारे सर

मुदखेडचे सर वर्गात आले की आधी हजेरी घेत नसत. कमरेवर हात ठेवून आधीच्या तासाचा फळा वाचत, खिशातून लाल खडू काढून चुकीखाली रेघ ओढत आणि कोपऱ्यात मार्क देत. दहापैकी चार. कधी साडेचार. मग पोरांकडे वळून म्हणत, "अर्धा अक्षरासाठी दिलाय." पोरं बाकं बडवत हसायची. तो फळा लिहिणारे गणिताचे खान सर तेव्हा शेजारच्या वर्गात शिकवत असायचे.

त्यांना सगळं ऐकू जायचं. भूकंपानंतर लातुरात आईबाप पोरांना माडीवर शिकायला पाठवायला धजत नव्हते, म्हणून मी क्लास पत्र्याच्या शेडात काढला होता. दोन वर्गांच्या मध्ये नुसतं प्लायवूड. हसण्याचा आवाज आला की खान सर बोलता बोलता थांबायचे.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला ठेवायचं कशाला? बोलायला काय जातंय. बादलीभर पाणी आणि एक पळी घेऊन सर प्रकाशाचं वक्रीभवन शिकवत, तेव्हा सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठत नसत. नांदेडचे क्लास सोडून अर्धापूरची माणसं माझ्या दारात यायची आणि फी विचारायच्या आधी विचारायची, "मुदखेडचे सर हायत ना?"

मी नियम केला, ज्यानं त्यानं आपला फळा पुसून जायचं. थोडे दिवस बरे गेले. मग सरांनी पोरांच्या वह्यांतली गणितं तपासायला घेतली. मी बोलावून झापलं.

"मॅडम, चूक दिसली की मला गप बसवत न्हाई. पोरगं परीक्षेत तेच लिहून येईल."

"मग मला येऊन सांगा."

"तुम्हाला गणित येतं का?"

मी जीवशास्त्र शिकवणारी बाई. नुसती जळफळले.

परीक्षा तोंडावर आलेली. एके दिवशी खान सर फळा पुसत असताना मुदखेडच्या सरांनी त्यांच्या हातातलं डस्टर धरलं. "थांबा, वाचू द्या." आणि त्यांच्यासमोर मार्क दिले. दोन. त्या दिवशी कुणीही हसलं नाही.

खान सर ऑफिसात आले. पहिल्या बॅचपासून माझ्याबरोबर असलेला माणूस, आवाज चढवणं ठाऊक नाही. "मॅडम, उमर झाली माझी. पोरांसमोर बेइज्जती सहन होईना. उद्यापासून एक तर ते, नाही तर मी."

आमच्या धंद्यात नावाजलेले सर गेले की बॅच त्यांच्यामागं जाते. पलीकडच्या गल्लीतला क्लासवाला तर टपूनच बसला होता. पण खान सर गेले असते तर बाकीच्या शिक्षकांनी माझ्यावर काय म्हणून भरवसा ठेवावा?

संध्याकाळी मी मुदखेडच्या सरांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

"फळ्यावर चूक होती की नव्हती?"

"होती."

"मग?"

"मग काय, सर. क्लास मला चालवायचाय."

"हाव, बरंय," ते म्हणाले आणि उठून गेले.

सकाळी बाकं रिकामी. बातमी रातोरात फुटली होती आणि पोरं थेट मुदखेडच्या सरांच्या खोलीवर गेली होती. मी शेडच्या दारात उभी. गेला क्लास, असंच वाटलं. खान सर आत खडू धरून नुसते बसलेले.

तास निम्मा होत आला आणि पोरं सायकलींवरून परत यायला लागली. एका मुलीनं सांगितलं, सर पिशवी भरून मुदखेडला निघाले होते. म्हणाले, "माझं शिकवून झालंय. तुमचं गणित राहिलंय, ते खान सरांकडंच शिका. मी लातुरात लई जणांचे फळे वाचलेत. इतक्या कमी चुका करणारा दुसरा न्हाई."

प्लायवूडपलीकडून खान सरांनी ते ऐकलं होतं. बाहेर येऊन म्हणाले, "बोलवा मॅडम त्यांना. मी सांभाळून घेतो."

मी नाही म्हटलं. आठवड्याच्या आत फळ्यावर पुन्हा मार्क पडले असते, आणि हे खान सरांनाही ठाऊक होतं. त्यांनी जास्त आग्रह केला नाही. ते वर्गात गेले. मी ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले.