लिंबासाठी घेतलेला सुरा

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकच हत्यार विकत घेतलं, आणि तेही लिंबासाठी.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नागपूरच्या एका शाळेत ते केमिस्ट्री शिकवायचे. देव त्यांच्या लेखी सिद्ध न झालेलं प्रमेय होता, आणि मांजर आडवं गेलं तर ते थांबत, पण फक्त मांजराला आधी जाऊ द्यावं म्हणून. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, साउथहॅम्प्टनला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला. फोनमध्ये नुकता कुठे कॅमेरा आला होता तेव्हाची ही गोष्ट. केंब्रिजला संशोधन करणाऱ्या केतकीशी माझं लग्न ठरलं, नाना नागपूरहून आले आणि बॅग उघडायच्या आधीच म्हणाले, "श्री, कट्यारीचं काय?"

"कसली कट्यार?"

"हळद लागली की नवऱ्या मुलाच्या हातात कट्यार देतात. टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत खाली ठेवायची नाही. दृष्ट लागत नाही."

मी बघतच राहिलो. (जेट लॅग माणसाला इतका बदलतो हे मला माहीत नव्हतं.) "नाना, हे तुम्ही म्हणताय?"

"तुझी आत्या म्हणतेय," असं म्हणून नाना बॅगेत मोजे शोधायला लागले. मोजे त्यांच्या पायातच होते.

आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, कुसुमआत्या. लग्न होऊन लंडनमधल्या स्टॅनमोरला आली ती तिथलीच झाली. मी तिला फोन लावला.

"मी? मी कशाला म्हणू? आय डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट! पण श्री, दादाला नाही म्हणू नकोस हं. त्याच्या लग्नात त्यानं काय केलं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नव्हतं. हळद लागल्यावर नानांच्या हातात घराण्याची कट्यार दिली गेली, तेव्हा नाना 'भोंदूगिरी' म्हणाले, आणि जानवसघरात त्याच कट्यारीनं कलिंगड कापून त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला वाटलं. लोक पोट धरधरून हसले. कट्यार सालींबरोबर कुठे गेली ती गेलीच. पुढे मी चौथीत असताना आई गेली.

"त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही," आत्या म्हणाली. "तोच सांगतो मला, दर वर्षी. मी विचारलेलं नसताना."

यानंतर नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

आत्यानं तिची स्वयंपाकघरातली लाल प्लास्टिकच्या मुठीची सुरी देऊ केली. "टोमॅटो चिरायच्या सुरीनं कुठे दृष्ट निघते का?" आमचे शास्त्रज्ञ कडाडले. शेवटी जवळच्या जंगलाकाठी भरलेल्या एका जत्रेत मी त्यांना घेऊन गेलो. तिथे घोडे होते, चीज होतं, चिखल तर होताच, आणि हातानं सुरे घडवणारा एक म्हातारा होता. हिरव्या कापडावर त्यानं शिकारीचे सुरे मांडले होते. प्रत्येकाची मूठ हरणाच्या शिंगाची. एक झाडाच्या सालीसारखी खरबरीत, एक झिजून पिवळट गुळगुळीत झालेली, एक किंचित वाकडी, जणू आधीच कुणाच्या तरी हाताला सरावलेली.

"कशाच्या शिकारीला जाताय?" म्हाताऱ्यानं इंग्रजीत विचारलं.

"लग्नाला," नाना म्हणाले.

म्हातारा थांबला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग मूठ हाताला सोसेल अशी घ्या. पुष्कळ वेळ धरावी लागेल."

नानांना हा माणूस एकदम पटला. "शिंगासाठी हरीण मारता का?" त्यांनी मास्तरी आवाजात विचारलं. मारत नव्हता. शिंगं दर वर्षी आपोआप गळतात, जंगलात पडलेली आपण वेचून आणतो, असं तो म्हणाला. नानांनी तिथूनच आत्याला फोन लावला. "कुसुम, काळजी नको! सुरा अहिंसक आहे!"

मग त्यांनी कोटाच्या खिशातून लिंबू काढलं.

इथलं लिंबू म्हणजे आपल्याकडचं पोसलेलं मोसंबं. नानांनी पहिला सुरा उचलला आणि लिंबात खुपसला. टोक बोथट गोलाई असलेलं, लिंबू घरंगळून चीजच्या दुकानाकडे निघालं. मी ते धरून आणलं. दुसऱ्या सुऱ्याला टोकाशी आकडा होता. त्यानं लिंबाचं जे केलं ते लग्नघरात सांगण्यासारखं नाही. नानांनी दुसऱ्या खिशातून दुसरं लिंबू काढलं.

"अहो, ॲसिड!" म्हातारा ओरडला. "कार्बन स्टील आहे ते! काळं पडेल!"

"मला माहीत आहे. मी केमिस्ट्रीचा शिक्षक आहे," असं शांतपणे म्हणून नानांनी तिसरा सुरा खुपसला. पुढे नाना लिंबू खोचत जायचे आणि मागून म्हातारा तेलाचं फडकं घेऊन पाती पुसत यायचा. लोक जमले. एका बाईंनी हे प्रात्यक्षिक परत कधी आहे म्हणून मला विचारलं. अखेर तो किंचित वाकड्या मुठीचा सुरा जमला. लिंबू टोकातून सरळ जाऊन मध्यावर घट्ट बसलं. नानांनी मूठ माझ्या हातात दिली, वरून स्वतःचा हात ठेवून माझी बोटं मिटली, आणि बराच वेळ तो हात काढला नाही.

त्या संध्याकाळी केतकीचा फोन आला. "कट्यार छोटीशी आहे ना रे? सिम्बॉलिक?"

"लिंबाच्या मानानं," मी म्हणालो.

हळद लागली, त्या क्षणापासून सुरा माझ्या उजव्या हातात आला. मी डाव्या हातानं जेवलो. डाव्या हातानं दात घासले (मिशीसकट). सकाळी मंडळी मिनीबसनं पुढे गेली. मी, नाना आणि मित्र मिलिंद मागून फुलांनी सजवलेल्या गाडीतून निघालो. आधी कौन्सिलच्या रजिस्ट्री ऑफिसात सह्या, मग हॉलमध्ये अक्षता. साडेअकराचा स्लॉट. चुकला तर दुसरा कधी मिळेल देव जाणे, असं नानासुद्धा म्हणाले.

पहिल्याच चढावर गाडी बंद पडली.

"क्लच गेला रे!" मिलिंद म्हणाला. "टॅक्सी अर्ध्या तासानं म्हणतायत. तुम्ही बसनं व्हा पुढे!"

तर आम्ही बसस्टॉपवर. पिवळाधमक चेहरा, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, हातात शिकारीचा सुरा आणि सुऱ्यावर लिंबू. स्टॉपवरच्या आजीबाईंनी एकदाच पाहिलं आणि ट्रॉली ओढत पुढच्या स्टॉपकडे चालू लागल्या. बस आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला, मला पाहिलं आणि वेग वाढवला. दुसऱ्या बसच्या जागी पोलिसांची गाडी आली.

तरुण कॉन्स्टेबल अतिशय सभ्य होता. "सर, हातातलं खाली ठेवता का?"

आता, या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. मी दुसरं दिलं. "नाही ठेवता येत."

"का?"

"लग्न व्हायचंय," नाना मध्ये आले. "लग्न होईपर्यंत नाही ठेवायचं."

"आणि लिंबू?"

"लिंबू सेफ्टीसाठी."

कॉन्स्टेबलनं लिंबाकडे पाहिलं. टोक लिंबातून बोटभर बाहेर आलेलं होतं. "सर, मी शेवटचं सांगतोय."

मी नानांकडे पाहिलं. पुस्तकी माणूस मी, वाटलं की संपलं, ठेवावा खाली, कायदा आहे. बोटं सैल झाली. आणि नानांचा चेहरा असा झाला की तसा मी तो एकदाच पाहिला होता, चौथीत, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. ते पुढे झाले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझा हात, सुरा, लिंबू सगळं मिळून त्यात गुंडाळायला लागले. वेढ्यावर वेढे, गाठीवर गाठी.

"आता त्याला वार करता येणार नाही," ते कॉन्स्टेबलला म्हणाले. इंग्रजी अडखळत होतं. "पण ठेवलेलाही नाही. प्लीज. त्याची आई नाहीये."

या वाक्याचा सुऱ्याशी काय संबंध, हे त्या मुलाला कळलं असेल असं वाटत नाही. त्यानं गाठी ओढून पाहिल्या, वायरलेसवर कुणाशी तरी बोलला ("हो, लिंबू. नाही, फळ!") आणि विचारलं, "किती वाजता आहे लग्न?"

"साडेअकरा."

"बसा मागे."

रजिस्ट्री ऑफिसच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माझ्या भावी पत्नीनं पाहिलं ते असं: पोलिसांची गाडी थांबली, तिचं दार पोलिसानं बाहेरून उघडलं, आणि गाठोड्यात हात असलेला नवरा मुलगा उतरला.

"अरे," केतकी म्हणाली, "पळून जात होतास का?"

गाठी सुटेनात, कारण नानांनी त्या सुटण्यासाठी मारल्याच नव्हत्या. रजिस्ट्रार बाई घड्याळ पाहत होत्या. मी डाव्या हातानं सही केली. ती सही कुणाची आहे, हे मलाही सांगता येणार नाही.

हॉलमध्ये अक्षता पडल्या आणि मग आत्यानं कात्रीनं उपरणं कापलं. लिंबू ओढून काढलं. पातं मध्यावर काळंनिळं पडलेलं होतं, मोठ्या ढगासारखं.

"अगंबाई!" आत्या किंचाळली. "केवढी ही दृष्ट!"

बायका भोवती जमल्या. माझ्यातला ग्रंथपाल उफाळून आला. "दृष्ट कसली आत्या, सायट्रिक ॲसिड आहे ते. कार्बन स्टीलवर..."

"गप्प बस," नाना म्हणाले.

त्यांनी सुरा हातात घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. जन्मभर पोरांना ॲसिड आणि लोखंड शिकवलेला माणूस तो डाग दोन्ही बाजूंनी पाहत उभा राहिला. अंगठ्यानं पुसून पाहिला. निघाला नाही.

"निघाली," ते म्हणाले. "सगळी निघाली."

या हिवाळ्यात नाना गेले. नागपूरहून परत आल्यापासून मी त्यांच्याबद्दल काही लिहू पाहतोय, आणि दर वेळी लिंबूच आठवतं. परवा केतकीनं ड्रॉवर आवरताना तो सुरा काढला आणि घासणी घेतली. मी झटकन तिच्या हातून घेतला.

"डाग काढतेय रे. केमिस्ट्री आहे ती, तूच म्हणाला होतास."

"असू दे."

मी ओट्याशी उभाच राहिलो, मूठ धरून. ती अजून हाताला बरोबर बसते. केतकीनं चहा ओतला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "श्री, लग्न झालंय आपलं. आता खाली ठेवलास तरी चालेल."

ठेववला नाही. चहा मी डाव्या हातानं प्यायलो. तसा त्या हाताचा घरात मान मोठा आहे. कागदोपत्री पाहिलं तर केतकीचं लग्न त्याच्याशीच झालंय!