अगदी वेळेवर वाजणारी घंटा

“मॅडम, घंटा चुकतेय,” मुख्याध्यापक सर फोनवर म्हणाले.

“वाजत नाही का?”

“वाजते हो. पण कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे गेलंय बहुतेक. एसटीने येणाऱ्या मुलींना रोज उशीर होतोय. आधी असं कधी नव्हतं.”

मी केडगावात राहते आणि जिल्ह्यातल्या काही शाळांचे, दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की मला आधी राग येतो आणि मग कुतूहल. नेवाशाकडच्या या हायस्कूलची घंटा मी दिवाळीनंतर बसवली होती. शिपाई रिटायर झाले, त्यांची जागा भरली नाही, मग घंटा कोण देणार? मी तोऱ्यात म्हटलं होतं, कॉम्प्युटर देईल.

काम सोपं होतं. नोटपॅडमध्ये एकाखाली एक आज्ञा लिहायच्या आणि फाइलच्या नावाला शेवटी ‘डॉट बॅट’ लावायचं. हिला बॅच फाइल म्हणतात. ती चालवली की कॉम्प्युटर एकेक आज्ञा वरून खाली पाळत जातो. बाहेर जाताना आपण घरच्यांना चिठ्ठी ठेवतो ना, दूध तापव, मग कुकर लाव, तसंच. माझ्या चिठ्ठीत एकच ओळ होती: घंटेचा आवाज वाजव. ती कधी पाळायची हे विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे कामांच्या गजरात, भरून ठेवलं. कॉम्प्युटर शाळेच्या अॅम्प्लिफायरला जोडला आणि निघून आले.

आता घरूनच शाळेच्या कॉम्प्युटरला जोडून घड्याळ पाहिलं. इंटरनेटवरून ते स्वतःला जुळवून घेत होतं, सेकंदाचा फरक नाही. एसटीची वेळही बदललेली नव्हती. मग बदललं काय? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी नेवाशाला गेले आणि मुद्दाम त्याच एसटीत बसले.

बस मुलींनी भरलेली होती. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते आणि पुढच्या सीटवर त्यांची दहावीतली मुलगी, अश्विनी.

“शाळेत काम आहे का?” मी विचारलं.

“दाखला काढायचाय पोरीचा.”

“अहो, दहावीच्या वर्षात?”

“मग काय करू? पयला तास गनिताचा. येळ झाला की गेट बंद, तासभर बाहेर उभी ऱ्हाती. कुनी एक बाई आली अन् घंटंचं मशीन बसवून गेली, तवापासून ह्योच तमाशा. बाहेर उभं ऱ्हायला यवढ्या लांब कशाला धाडू? त्यापरीस कांद्यात हाताखाली यील.”

अश्विनी खिडकीबाहेर बघत होती. ती बाई मीच, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

बस फाट्यावरून गावाकडे वळली आणि घंटा ऐकू आली. माझीच घंटा, चांगली खणखणीत. “गेलं आजपन!” मागून कुणीतरी म्हणालं. बस थांबताच मुली दप्तरं सावरत पळत सुटल्या. आम्ही पोचलो तेव्हा गेट बंद होतं आणि त्या बाहेर रांगेत उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

ऑफिसात मी सरांना म्हटलं, “घड्याळ बरोबर आहे. बस रोज एवढ्याच उशिरा येते का?”

“रोज. रस्ता तसला आहे. पण शिपाई होते तेव्हा याच मुली वेळेत असायच्या. नियम तेव्हाही हाच होता. मी वक्तशीर माणूस आहे, मॅडम. उभ्या नोकरीत मला एकदाही लेट मार्क नाही.”

“तुम्ही शाळेत कशाने येता, सर?”

“दिवाळीत गाडी घेतली. त्याआधी एसटीने.”

“कुठल्या?”

“याच,” सर म्हणाले, आणि थांबले.

अश्विनीचे वडील दारातून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. सरांनी रिटायर शिपायांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “घंटा तुम्ही घड्याळ बघून देत होता ना?”

“राग मानू नका, सर,” पलीकडून आवाज आला. “तुमी उतरायच्या आदी घंटा देऊन शिव्या कोन खाईल?”

सरांचे कान लाल झाले. ते उठले, स्वतः जाऊन गेट उघडून आले आणि मला म्हणाले, “मशीनला थांबायला शिकवा.”

त्याचीही आज्ञा असते, ‘टाइमआउट’. तिला सेकंद सांगायचे, तेवढा वेळ ती थांबते. पण मध्येच कुणी कीबोर्डचं बटण दाबलं, की वाट बघणं सोडून पुढच्या ओळीवर जाते. घंटेच्या ओळीआधी मी ती घातली: पंधरा मिनिटं थांब. बसमधल्या मुली गेटातून आत आल्या की बटण दाबायचं. बस आलीच नाही, तर घंटा आपली आपण वाजेल.

“बटण कोण दाबणार?” मी विचारलं.

“मी. माझ्या खिडकीतून फाट्यापासून गेटापर्यंत सगळं दिसतं.”

“आणि गेलेली मिनिटं?”

सरांनी जरा विचार केला. “प्रार्थनेनंतरचं माझं भाषण आखूड करतो.” याबद्दल पोरांनी खरं तर मला पेढे द्यायला हवेत.

“म्हंजी मशीनला आता यष्टी दिसती व्हय?” अश्विनीच्या वडिलांनी विचारलं.

“मशीनला नाही, सरांना दिसते.”

“दिसंल की. तिच्यातच बसून यायचे.” मग ते सरांकडे वळले. “दाखला ऱ्हाऊ द्या. आठ दिस बघतो.”

पुढच्या महिन्यात शाळेचा प्रिंटर बिघडला म्हणून मी पुन्हा त्याच बसने गेले. अश्विनी बसमध्ये होती. गणित कसं चाललंय, विचारलं. “आवडत न्हाई,” ती म्हणाली, “पन आता कळतं.” थांब्यावर मुली उतरल्या आणि गप्पा मारत चालत निघाल्या. त्या गेटातून आत गेल्या, तेव्हा घंटा वाजली.

हाताने होणारं काम कुणी आपोआप करून मागितलं, की ते किती वाजता होतं एवढं विचारून मी आता थांबत नाही. कुणाच्या धाकाने होतं, तेही विचारते.