आबासाहेबांना लस बाधली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी स्वतःची इतकी शोभा करून घेणार आहे की तुम्हालाच माझी कीव येईल. बोका माझा, अक्कल माझी, फजितीही सगळी माझीच.

आम्ही मूळचे पुण्याचे. नोकरीपायी बंगळुरूला आलो, मल्लेश्वरमला राहतो. घरात मी, बायको केतकी आणि आबासाहेब. आबासाहेब म्हणजे आमचा बोका. जाडजूड, भुरा, चेहऱ्यावर निवृत्त हेडमास्तरांचा भाव, म्हणून ते नाव. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की स्वारी थेट माझ्या मांडीवर. केतकीला ते खुपायचं आणि ते खुपतं म्हणून मला जास्तच आवडायचं.

तर मध्यंतरी आबासाहेबांना लस द्यायला नेलं. टेबलावर त्यांनी असा काही हिसका दिला की त्यांना धरता धरता माझा उजवा खांदाच आखडला. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, आबासाहेब घरी येऊन झोपले, मी खांद्यावर घरगुती उपाय सुरू केला. विषय संपला.

संपला कुठला? दुसऱ्या संध्याकाळी सोफ्यावर बसून मी मांडी थोपटली, तर आबासाहेब फिस्कारले आणि त्यांनी हातावर पंजा ओढला. पुढे हे रोजचंच झालं. केतकीच्या कुशीत मात्र अगदी गरीब गाय.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? लसीआधी देवमाणूस, लसीनंतर गुंड. लस बाधली, दुसरं काय?

मी ऑफिसात असताना केतकी त्यांना एका सकाळी दाखवून आली. डॉक्टर म्हणे, लसीनंतर एखादा दिवस मांजर मरगळतं, कुरकुरतं, पण इतके दिवस डूख धरत नाही. तपासणीत काही सापडलं नाही. तरी तात्पुरती, शांत राहण्याची हलकी गोळी दिली. केतकी ती रोज सकाळी दह्यात कुस्करून द्यायची. आबासाहेब दिवसभर लोडासारखे पडून असायचे आणि संध्याकाळी मी आलो की पुन्हा फिस्स. म्हणजे लस गोळीलाही जुमानत नव्हती!

मग मी इंटरनेटवर वाचत बसलो. तिथे काय, जे शोधाल ते सापडतं. सोसायटीच्या ग्रुपवर लसीविरुद्ध लांबलचक इशारा लिहिला. दोन घरांनी लगेच आपापल्या मांजरांची लस पुढे ढकलली, आणि मला समाजसेवा केल्याचं समाधान वाटलं.

इकडे माझ्या हातांची चाळण झाली होती. शेवटी केतकी म्हणाली, "हे असं नाही चालणार. माझ्या ऑफिसातल्या मंजुळाचं होसकोटेला फार्महाउस आहे. ती आबाला ठेवून घेईन म्हणते."

ओरबाडतो तर ओरबाडू दे, पण मग संध्याकाळी घरी यायचं ते कुणासाठी? हे केतकीसमोर बोलायची सोय नव्हती. म्हणून एवढंच म्हटलं की आधी एकदा मी स्वतः डॉक्टरांना भेटतो.

शनिवारी संध्याकाळी तिघेही गेलो. डॉक्टर निपाणीच्या, त्यामुळे मला मराठीत मनसोक्त भांडता आलं. आबासाहेब त्यांच्या हातात घुरघुरत होते आणि मी लस किती घातक आहे हे त्यांना समजावत होतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही स्वल्प जवळ घ्या बघू त्याला."

मी वाकलो. आबासाहेबांचे कान मागे, शेपटी फुगलेली, फिस्स. डॉक्टर माझ्याजवळ सरकल्या आणि त्यांनी नाक आक्रसलं.

"काय लावलाय हो?"

"बाम," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी लावतो. लसीच्या दिवशी ह्याला धरताना खांदा आखडला ना, तेव्हापासून."

बोलता बोलता मी काय बोलतोय ते मलाच ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाल्या, मांजराचं नाक आपल्याहून कितीतरी तिखट. त्याला हा वास म्हणजे शिक्षा, आणि चाटून पोटात गेला तर अपायच. तेव्हा बाम आजपासून बंद, मग आबाची गोळीही बंद करू.

"म्हणजे लस बाधली हे खरंच होतं," केतकी शांतपणे म्हणाली. "फक्त टोचली एकाला आणि बाधली दुसऱ्याला."

ग्रुपवर मी माफीनामा टाकला. दोन्ही घरच्या मांजरांना लस मिळाली, होसकोटे रद्द झालं. दोनच दिवसांत आबासाहेब पुन्हा माझ्या मांडीवर आले, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

खांदा मात्र अजून दुखतो. माणसांच्या डॉक्टरांनी गोळी दिली आहे. ती कडू लागते म्हणून मी टाळाटाळ करतो, तर केतकी ती सकाळी दह्यात कुस्करून देते. मी वाटी चाटूनपुसून साफ करतो की नाही, ते आबासाहेब शेजारी बसून नीट बघतात.