विचारल्याशिवाय आउट नसतं

क्रिकेटमध्ये एक नियम आहे, तो रोज टीव्हीला डोळे लावून बसणाऱ्यांनाही बरेचदा ठाऊक नसतो. फलंदाज बाद आहे हे पंचांना स्वच्छ दिसत असलं, तरी समोरच्या संघातल्या कुणी अपील केल्याशिवाय ते बोट वर करत नाहीत. विचारावं लागतं, तेही त्यांना ऐकू जाईल असं. माझ्या उमेदीचं एक अख्खं वर्ष या नियमानं खाल्लं, आणि चूक नियमाची नव्हती.

आम्ही खडकीत राहायचो, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. बाबा नागपूरकडून नोकरीसाठी पुण्यात आले आणि त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षं रात्रपाळीच आली. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत बाबा दिवसभर झोपलेले, दुसरीत आई, ताई आणि मी. शिट्टी होईल म्हणून आई कुकर लावायची नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. सकाळची बुद्धवंदनासुद्धा ओठातल्या ओठात म्हणायची. आम्ही बहिणी भांडायचोही कुजबुजत. कुजबुजत भांडण्यात मोठा तोटा असा, की जिंकलं तरी जिंकल्यासारखं वाटत नाही.

अशा घरातून मी क्रिकेट खेळायला गेले. क्वार्टर्सजवळच्या मैदानावर संध्याकाळी मुलींचा सराव चालायचा. शिकवणाऱ्या बाई स्वतः एके काळी राज्याच्या संघातून खेळलेल्या होत्या. शनिवार पेठेत राहायच्या, बँकेत नोकरी करायच्या आणि बँक सुटली की थेट स्कूटरवरून मैदानावर यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ग्लोव्हज दिले आणि यष्टींमागे उभं केलं. कारण विचारायची माझी छाती नव्हती, पण त्यांनीच इतरांना सांगितलं, "ही बोलत नाही. म्हणजे निदान बघत तरी असेल."

बघत मी होतेच. यष्टींमागची जागा मला मनापासून आवडली. तिथे चेंडू प्रत्येक वेळी येतो, आणि आला नाही तरी येईल म्हणून बसावं लागतं. माझे हात चांगले होते, हे मी आता न लाजता सांगते. चेंडू ग्लोव्हजमध्ये आल्याचा आवाजही फारसा व्हायचा नाही, तीही घरची सवय असावी. सतराव्या वर्षी मी राज्याच्या संघात गेले; त्या संघाबरोबरही बाईच असायच्या.

तिथे त्या मोसमातला महत्त्वाचा सामना आला. तंबूच्या सावलीत निवड समितीतले दोघे बसले होते. भारताच्या शिबिरासाठी यष्टिरक्षक हवी आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि माझं नाव घेतलं जातंय हेही. समोरच्या संघाची जम बसलेली फलंदाज खेळत होती. बाहेर जाणाऱ्या चेंडूला तिच्या बॅटची कड लागली. अगदी पुसट. मी उजवीकडे झेपावून झेल घेतला आणि विचारलं.

म्हणजे माझ्या मते मी विचारलं. शपथेवर सांगते, तोंडातून शब्द निघाला होता. गोलंदाज तोवर कपाळाला हात लावून मागे वळली होती. बाकी कुणाला काहीच कळलं नव्हतं. पंच माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग पुढचा चेंडू पडला. त्याच फलंदाजानं पुढे आमची धुलाई करून सामना काढून घेतला.

खेळ संपल्यावर पंच आपण होऊन बाईंपाशी आले. "मला कड ऐकू आली होती," ते म्हणाले. "वाट बघितली. पण कुणी विचारलंच नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "विचारलं असेल हो तिनं," त्या पंचांना म्हणाल्या. "आपण जवळ जाऊन कान लावायला हवा होता."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. त्या वर्षी शिबिराच्या यादीत माझं नाव नव्हतं. तंबूतल्या दोघांपैकी एकानं बाईंना कारण सांगितलं होतं: यष्टिरक्षक हा संघाचा आवाज असतो, या मुलीला आवाजच नाही. परतीच्या एसटीत बाई माझ्या शेजारी बसल्या. शिवाजीनगर आलं. उतरताना म्हणाल्या, "हात तुझे देशाकडून खेळण्याजोगे आहेत. पुढच्या वर्षीही हेच ऐकायला लागलं, तर मात्र त्या हातांनी पोळ्याच लाटाव्या लागतील." मला संताप आला. बाईंचा नाही, माझा स्वतःचा.

नेमकं त्याच वर्षी ताईला नोकरी लागली. हिंजवडीकडे तेव्हा रोज नवी काचेची इमारत उभी राहत होती, आणि आमच्या क्वार्टर्समधल्या मुलामुलींच्या तोंडी आयटी, बीपीओ असे शब्द आले होते. ताई कॉल सेंटरमध्ये लागली. फोनवरून परदेशी माणसांशी बोलायचं, त्यासाठी आधी महिनाभर कसं बोलायचं याचंच ट्रेनिंग. कुजबुजण्याच्या घरातली मुलगी बोलण्याची नोकरी करणार, याचं आईला इतकं नवल वाटलं की तिनं शेजारच्या काकूंना ते तीनदा सांगितलं.

एका रविवारी ताई माझ्याबरोबर मैदानावर आली. मी यष्टींमागे बसून ओरडून दाखवलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. "घशावर लोड देतेस म्हणून फाटतोय आवाज," ती म्हणाली. "इथून काढ. आमचा ट्रेनर सांगतो, पलीकडच्या माणसाला तुझा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज दिसतो. म्हणून तो आधी सरळ उभा करायचा."

"मी बसलेली असते," मी म्हटलं.

"मग बसल्या बसल्या सरळ उभा कर."

बाईंना ही कल्पना पटली. त्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाबाहेर स्कूटरवर जाऊन बसल्या. अपील ऐकू आलं तर हॉर्न वाजवणार, नाही आलं तर नाही. पहिल्या रविवारी मी साठसत्तर वेळा ओरडले. हॉर्न एकदाही वाजला नाही. दुसऱ्या रविवारी एकदा वाजला, तर समोर म्हैस आडवी आली होती. लाज वाटायची ती वेगळीच. रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे. चेंडू नाही, फलंदाज नाही, आणि एक मुलगी उकिडवी बसून पुन्हा पुन्हा हात वर करून ओरडतेय. फिरायला येणारे एक पेन्शनर आजोबा दर रविवारी बघत उभे राहायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते कुंपणापाशी आले आणि गंभीरपणे म्हणाले, "दिलं हो मी आउट. आता जाऊ द्या तिला."

मला हसू फुटलं. पोट धरून हसले, आणि त्या हसण्यात ती लाज कुठे गेली कोण जाणे. पुढचं अपील केलं तेव्हा पलीकडून हॉर्न आला. त्याच्या पुढचं केलं, पुन्हा हॉर्न. पावसाळा संपेपर्यंत बाईंच्या स्कूटरची बॅटरी उतरली, आणि त्यांनी नवी बसवताना मेकॅनिकला कारण सांगितलं नाही.

पुढच्या मोसमात मी राज्याकडून यष्टींमागे जे काही बोलले, त्याबद्दल समोरच्या फलंदाजांनी मला माफ करावं. झेल धरले, यष्टिचीत केले, आणि प्रत्येक वेळी असं विचारलं की पंचांना बोट वर करायला कारण मिळालं. शिबिरात निवड झाली. शिबिरातून संघात. बातमी काकूंच्या फोनवर आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे बाबांच्या गाढ झोपेची वेळ. आई काकूंच्या दारातूनच ओरडत आली, "अवो, उठा नं! पोरीचं नाव आलं! भारताच्या टीममध्ये!" बाबा धडपडत उठून बाहेर आले. "काहून? काय पेटलं?" त्यांनी विचारलं. कारखान्यातल्या माणसाला दुसरं काय सुचणार. मग कळल्यावर ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

पहिला आंतरराष्ट्रीय सामना पुण्यातच होता. आम्हाला मिळालेले टीशर्ट पुरुषांच्या मापाचे होते, माझ्या बाह्या कोपराखाली यायच्या. टीव्हीचे कॅमेरे नव्हते. शाळांनी आणलेल्या मुली, क्वार्टर्समधले पन्नासेक लोक आणि चहावाला, एवढे प्रेक्षक. पण छातीवर देशाचं नाव होतं, आणि मी दर षटकानंतर ते तिथेच आहे ना हे बघत होते.

सामना शेवटी अटीतटीला आला. पाहुण्या संघाला आठ धावा हव्या होत्या आणि त्यांच्या दोनच विकेट्स उरल्या होत्या. पण त्यांची सलामीची फलंदाज अजून खेळत होती, आणि ती असेपर्यंत सामना त्यांचाच होता. गोलंदाजी करत होती आमची सगळ्यात अनुभवी खेळाडू. मी शाळेत होते तेव्हापासून ती भारताकडून खेळत होती. तिचा चेंडू टप्पा पडून किंचित आत आला, बॅटच्या जवळून गेला आणि माझ्या हातात आला.

टक् असा आवाज झाला. बॅट पॅडला लागल्याचा असू शकतो, असं कुणालाही वाटलं असतं. गोलंदाजानं मान हलवली आणि ती परत निघाली. कर्णधार टाळ्या वाजवत "चलो, चलो" म्हणाली. अकरांपैकी दहा जणींच्या मते काहीच झालं नव्हतं. मला माहीत होतं की झालंय. मीच चुकत असेन तर पहिल्याच सामन्यात उगाच ओरडणारी पोरगी म्हणून शिक्का बसणार, हेही माहीत होतं. गप्प राहिले तर पुन्हा तेच, या वेळी देशाच्या कपड्यांत.

मी विचारलं. पोटातून, दोन्ही हात वर करून, एकटीनं. कुंपणापाशी शाळेच्या मुली दचकून हसल्या ते मला ऐकू आलं. परत चाललेली गोलंदाज जागच्या जागी वळली. कर्णधार टाळी अर्धवट ठेवून माझ्याकडे बघू लागली. फलंदाजानंही मागे वळून पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि तिनं डोळे खाली केले. तिला माहीत होतं. मग पंचांनी सावकाश बोट वर केलं.

पुढच्या षटकात आम्ही जिंकलो. सगळ्यांनी मला उचललं, पाडलं, पुन्हा उचललं. बाई कुंपणापाशी उभ्या होत्या, डोळे लाल झालेले. मी धावत गेले. त्यांनी माझी टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "जरा हळू चाललं असतं."

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो दोन दिवसांनंतरचा दुसरा सामना. त्याच अनुभवी गोलंदाजाचा चेंडू फलंदाजाला चकवून माझ्या हातात आला. ती जोरात ओरडली, हात वर करून पंचांकडे वळली, आणि मध्येच थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. बॅट लागली नव्हती. मी काही बोलले नाही, नुसती मान हलवली. तिनं हात खाली घेतले, पंचांना "सॉरी सर" म्हणाली आणि चेंडू घ्यायला परत फिरली.