हसणारे शेजारी

सोमवारी सकाळी सव्वासातला हौसाबाईंचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधीही फोन केला नव्हता. करायचा असला तर त्यांच्याबरोबर राहणारी माझी बहीण ताराक्का करीत असे. "गुरुजी, तारा उठंना झालीया," एवढेच त्या म्हणाल्या. डॉक्टरांना बोलावले का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "हात गार लागतोय तिचा..." मी बेळगावहून निपाणीची बस धरली. बसमध्ये बसल्यावर मनात जे आले ते लिहिताना संकोच वाटतो. दुःख आले, असे म्हणता येणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी ताराक्काने मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तो टाळला होता. संकेश्वर मागे पडेपर्यंत मी त्याच प्रश्नाचे उत्तर जुळवीत होतो. ते आता कोणाला द्यायचे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

ताराक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चिकोडीकडे तिला दिली होती. दोन वर्षांनी ती एक ट्रंक घेऊन परत आली. का आली, हे वडिलांनी विचारले नाही, मीही नाही. चार महिन्यांनी ती निपाणीला विड्या वळायला गेली आणि तिथेच राहिली. कारखान्यात तिच्या शेजारी बसणारी हौसा नावाची विधवा बाई होती. दोघींनी मिळून एक खोली घेतली. चुलीपासून गॅसपर्यंत आणि कंदिलापासून टीव्हीपर्यंत सारे त्याच खोलीत झाले. मी दोनदा ताराक्काला न्यायला गेलो होतो. दुसऱ्या वेळी मी निवृत्त झालो होतो आणि घरात एक खोली रिकामी होती. तिने सुपातली विडी पुरी वळली, दोरा बांधला आणि विचारले, "आन हौशी?" मी म्हणालो, "त्यांचा काय संबंध?" ती हसली. "दत्तू, तू पोरास्नी शिकीवलास तरी काय रं?" मी चहा घेऊन परत आलो. संबंध काय, हे मला तेव्हा कळले नाही. आज कळले आहे असेही मी म्हणणार नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीने त्या दोघींना एका पेन ड्राइव्हवर एक जुनी अमेरिकन विनोदी मालिका भरून दिली. कारखान्यात काम करणाऱ्या दोन मैत्रिणी एका खोलीत राहतात, भांडतात, फजित होतात, असा तिचा विषय. "आजोबा, अगदी ह्याच दोघी आहेत," असे नात म्हणाली. मला ते आवडले नव्हते. मालिका इंग्रजीत, खाली अक्षरे नाहीत आणि बघणाऱ्या दोघींना इंग्रजीचा गंध नाही. पण महिन्याभराने गेलो तेव्हा दोघी रविवार दुपारची जेवणे आटोपून टीव्हीपुढे बसल्या होत्या. मांडीवर सुपे, सुपात भिजवलेली पाने, हातात कात्र्या. सोमवारची पाने त्या रविवारी कापून ठेवीत. आणि पडद्यावरच्या दोघींना त्या स्वतःचे बोलणे देत होत्या. हौसाबाई उंच मुलीचे बोलत, ताराक्का बुटक्या मुलीचे. पडद्यावर पाव भाजला जाई आणि इकडे भाकरी करपली म्हणून भांडण सुरू होई. "तुझं ध्यान कुठं हाय गं? त्या ड्रायव्हराकडं?" "माझं ध्यान भाकरीवरच हाय. भाकरीच तुझ्यागत काळी हाय!" गणवेशातला किंवा कचेरीतला माणूस आला की दोघी त्याला कानडीत बोलायला लावीत. त्याच्या तोंडी एकच वाक्य असे, "नाळे बा." उद्या ये. अमेरिकेतल्या अंमलदाराला कानडी का, असे मी विचारले. "मग काय मराठी येणार हाय त्याला?" हौसाबाई म्हणाल्या.

एका गोष्टीत मात्र त्यांची स्पष्ट चूक होत होती. अशा मालिकांत मागून हसण्याचा आवाज येतो. त्या दोघींनी ठरवून टाकले होते की ते शेजारी आहेत. पुरुषमाणसावाचून राहणाऱ्या दोन बायका पडल्या, धडपडल्या, की भिंतीपलीकडचे लोक हसतात. ताराक्का कात्री थांबवून त्यांना सुनावीत असे. "हसा, हसा! दात पडतील तुमचं!" मी तिला समजावले, की ते प्रेक्षक आहेत, हसण्यासाठीच बसवलेले. तिने ऐकून घेतले. "घरात न्हाईत आन हसत्यात, म्हंजे शेजारीच की रं." दोघींनी ती खोली घेतली तेव्हा त्यांच्याविषयी काय काय बोलले गेले ते मी ऐकलेले होते. एका लग्नात कोणीतरी दोघींवर विनोद केला होता. मी हसलो नव्हतो. पण तिथून उठूनही गेलो नव्हतो.

ताराक्काची आणि माझी शेवटची भेट एका रविवारचीच. मालिकेचे शेवटचे पर्व चालू होते. खोलीत शिरलो तेव्हा टीव्हीवर बोलणे चालू होते, हौसाबाई बोलत होत्या आणि ताराक्का गप्प पाने कापीत होती. बुटकी मुलगी मालिकेतून नाहीशी झाली होती. मालिकेला नाव अजून दोघींचे, खोली तीच, आणि आत उंच मुलगी एकटी. "माझी गेलीया दत्तू," ताराक्का म्हणाली. "कुठं गेली, कळंना झालंय. काय बोलत्यात ते जरा बसून सांग की. तू इंग्रजीचा मास्तर." मी घड्याळाकडे पाहिले. साडेचारची बस आहे, म्हणालो. "फुडच्या येळंला सांगशील?" तिने विचारले. बघू, म्हणालो. त्यानंतरही बसेस दर अर्ध्या तासाला होत्या.

दिवसकार्य झाल्यावर मी नातीला विचारले. ती म्हणाली, ती नटी मालिका सोडून गेली असेल, तसे होते. मग गोष्टीत काय कारण दिले आहे, असे मी विचारले. ते तिला आठवत नव्हते. पुढच्या रविवारी मी निपाणीला गेलो. ताराक्काचे सूप भिंतीशी उभे होते, तिची कात्री वर खिळ्याला. हौसाबाईंनी मला तिच्या जागी चटईवर बसवले. "माझी न्हाय, ताराची तेवढी इच्छा ऱ्हायलीया," त्या म्हणाल्या आणि टीव्ही लावला. मी चष्मा पुसून, पाठ सरळ करून ऐकू लागलो. बत्तीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. ती मुलगी भराभर बोलत होती, अर्धे शब्द गिळत होती, मागून हसण्याचा लोट येत होता. पहिला भाग संपला. दुसरा संपला. काही सुटे शब्द माझ्या हाती लागले, पण त्यांतून एकही वाक्य उभे राहिले नाही. काहीतरी रचून सांगावे असे एकदा मनात आले. लग्न होऊन गेली, परगावी नोकरी लागली, काहीही चालले असते. हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "हौसाबाई, मला हे इंग्रजी कळत नाही. तेव्हाही कळत नव्हते. म्हणून बसलो नाही."

हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारले. त्या पाने कापीत राहिल्या. "ताराला ठाव व्हतं ते," त्या म्हणाल्या.

"ठाऊक होते? मग ती मला का विचारीत होती?"

"आता ते मला काय ठाव? तुमची भन ती."

तिला उत्तर हवे होते, की मी बसायला हवा होतो, की पुन्हा एकदा माझी गंमत करायची होती... कोणतेही एक कारण धरले, की दुसरे खरे वाटू लागते. ज्या माणसाला आयुष्यभर ओळखत होतो असे म्हणावे, त्याच्या एका प्रश्नाचा हेतू सांगता येत नसेल, तर त्या ओळखीला काय म्हणायचे, हे माझ्याने ठरत नाही. मी हौसाबाईंना विचारले, माझ्याकडे राहायला याल का? खोली अजून रिकामी आहे. त्यांनी मान हलवली. "हितं ती बोलायची. तिकडं कोण बोलतंय?" या खेपेस चहा घेऊन लगेच उठावेसे मला वाटले नाही.

तेवढ्यात पडद्यावर उंच मुलगी खुर्चीवरून पडली आणि मागचे लोक मोठ्याने हसले. हौसाबाईंची कात्री थांबली. त्या वाट बघू लागल्या. कशाची, हे मला क्षणभर समजले नाही. "एकटी हाय तरी हसत्यात बघा," त्या म्हणाल्या. "तारा असती तर त्यास्नी सोडलं नसतं. तुमी म्हना की."

मी शाळेतही कधी ओरडलो नाही. आवाज चढवणे मला कमीपणाचे वाटे. मी घसा साफ केला. टीव्हीकडे पाहत म्हणालो, "हसा. दात पडतील तुमचे."

"जोरात, गुरुजी," हौसाबाई म्हणाल्या. "भिंतीपल्याड गेलं पायजे."