होसकोट्यापलीकडच्या आमऱ्या

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माझं मलाच नीट कळत नाही.

नोकरीसाठी नागपूरहून कोरमंगलात आले तेव्हा इथे माझं कुणीच नव्हतं. वरच्या मजल्यावर सुमित्राअक्का राहायच्या. बंगळुरातल्याच जुन्या मराठी घरातल्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी त्या मला होसकोट्यापलीकडच्या एका खडकाळ माळावर न्यायच्या. पावसाळ्यात तिथे गवतातून आमरीची, म्हणजे जमिनीत उगवणाऱ्या रानऑर्किडची, पांढरी फुलं वर यायची. आसपास दुसरीकडे कुठेच उरली नव्हती ती. अक्का गुडघे टेकून बघत बसायच्या. हात लावायच्या नाहीत.

मग कळलं, तिथे घरांच्या प्लॉटचं लेआउट पडणार. अक्कांनी वनखात्यात खेटे घातले. शेवटी एक अधिकारी यायला तयार झाले. फुलं दिसली तर काम थांबवायचा प्रयत्न करतो, म्हणाले.

आणि मी — मी त्याआधीच एकटी जाऊन आले होते. खुरपं घेऊन. वाचवायला? तसं मनाला सांगितलं होतं खरं. मग तिथे एक तरी रोप का नाही ठेवलं? मला ती माझ्या बाल्कनीत हवी होती. दुसऱ्या कुणाकडेच नसलेली. कंद काढून झाल्यावर मी माती सारखी केली, वर गवतही दाबून बसवलं.

अधिकारी आले त्या दिवशी मीही सोबत होते. अक्का वाकून वाकून गवत बाजूला करत राहिल्या. अधिकारी सभ्यपणे थांबले, मग निघून गेले. माझ्या कुंड्यांत काही रोपं तेव्हा अजून जिवंत होती. एक वाक्य बोलायचं होतं — नाही बोलले.

परतताना कॅबमध्ये अक्का म्हणाल्या, "माझीच नजर स्वल्प कमी झाली असेल गं. गवताचे तुरेच मला फुलं वाटले असतील."

मी म्हणाले, "होतं असं, अक्का."

माळावर आता प्लॉटचे दगड आहेत. कुंडीतल्या आमऱ्या महिनाभरही टिकल्या नाहीत. त्यांना ती तिथलीच माती लागते — हे अक्कांनीच मला शिकवलं होतं.

अक्का आता कुठे जात नाहीत. खाली फाटकापाशी भेटल्या की रस्त्यावरच्या एखाद्या झाडाचं नाव सांगतात, आणि मग माझ्याकडे बघून विचारतात, "बरोबर ना गं?"

मी हो म्हणते.