आडवं केलं की रडणारा

पोरं सांभाळता सांभाळता केस पिकलेल्या पाळणाघराच्या मावशींचा एक कायदा होता: उचललं की गप्प होणारं मूल नाटकी. सर्दीने बेजार झालेला छोटू गादीवर टेकवला की टाहो फोडायचा, कान ओढायचा. खांद्यावर घेतला की चिडीचूप.

"लाडोबा झालाय नुसता!" मावशी करवादल्या आणि त्याला खालीच ठेवलं. रडून रडून तो झोपला. उठवलं तर उशीवर पिवळा डाग, कानातून पू.

डॉक्टर म्हणाले, "कानात इन्फेक्शन आहे. आडवं झालं की जास्त ठणकतं."

मावशींचा चेहरा पडला.

हल्ली कुणी रडलं की मावशींच्या तोंडाचा पट्टा तसाच सुटतो, "नाटक्या कुठला!" पण तोवर मूल त्यांच्या खांद्यावर असतं.